जमनीबाईच्या हातची

घाटंजी, २ मे १९६१, मंगळ.
पांढरकवडा रस्त्याच्या नाल्यात मोहाच्या दारूची पाच मडकी सापडली, माणूस एकही नाही. नागपूरच्या तपासणीत दारू आहे एवढंच कळणार. कोणाची, ते मी सांगायचं. गेल्या महिन्यात साहेबांच्या पाहुण्यांसमोर मीच फुशारकी मारली होती, चाखून गाव सांगतो म्हणून. भोग म्हणावं आता.
साहेबांनी तीन बाटल्या पुढे ठेवल्या.
क्र. १: मुकुटबन, जुन्या धाडीतली. फुलं भिजलेली. गोड, पण घशाशी आंबट.
क्र. २: मुकुटबनच, त्याआधीच्या सालची. धुरकट. बरी.
क्र. ३: नाल्यातली. यंदाची फुलं. स्वच्छ, लांबवर रेंगाळते...
थांबलो. फुलातलं केसर वेचून टाकल्याशिवाय अशी उतरत नाही. एवढा खटाटोप करणारी बाई एकच, तांड्यावरची जमनीबाई.
"ओळखली?" साहेब.
"उद्या सांगतो."

३ मे, बुध.
दारूची दुकानं उघडी होती तेव्हा आबकारी कचेरीसाठी शेकडो नमुने चाखले, थुंकले. गिळली ती एकदाच. दारूबंदीनंतर, जमनीबाईच्या मुलाच्या लग्नात. तिनं आधी पितरांच्या नावानं दोन थेंब भुईवर शिंपडले, मग वाटी माझ्या हातात. "थुकू नका सायेब, पावन्याले देल्ली हाय." सौ.ला ठाऊक नाही. कचेरीला कळलं तर नोकरी जाईल. नाव सांगितलं तर बाई तुरुंगात. इकडे आड, तिकडे विहीर.

४ मे, गुरु.
सांगून टाकलं, मुकुटबन. एवढं मोठं गाव, बसा शोधत. आज कुठं दोन घास गेले.

८ मे, सोम.
मुकुटबनला धाड. सोमाजी नावाच्या म्हाताऱ्याच्या गोठ्यात भट्टीची भांडी निघाली. कोणाच्या गोठ्यात निघाली नसती? नाल्यातली मडकीही त्याच्याच माथी. म्हातारा आत.
साहेब म्हणाले, "तुमची जीभ म्हणजे आपल्या कचेरीचा दागिना!" आणखी चार बाटल्या टेबलावर. प्रत्येकीमागे कोणाचं तरी घर आहे. खोटं सांगावं तर तेही खरं निघतं. लाज वाटते.

११ मे, गुरु.
सर्दीनं चव गेली म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "बरी होऊ द्या. बाटल्या कुठं पळत नाहीत." घरी सौ.नं काढा दिला. आलं जास्त, गूळ गेल्या सालचा. मेली जीभ थांबत नाही!
आठवडी बाजारात माझ्या जिभेचाच बोभाटा. मास्तर पोराचं अक्षर ओळखतो तशी मुकुटबनची दारू ओळखली म्हणे. दोघांनी तर रामराम घालायचा टाळला.

१४ मे, रवि.
दुपारी जमनीबाई दारात. सौ. समोरच गहू निवडत होती.
"काहून सायेब? माही दारू अन् मुकुटबनची म्हनून सांगतली? एक एक केसर येचतो मी! जीभ जळली का तुमची? लग्नात त मांगून दोन वाट्या पेल्ले!"
सौ.नं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. दोन वाट्या खऱ्याच. वर एकच लिहिली आहे असं दिसतं.
"हळू बोल बाई. तुलाच वाचवलं मी."
"अन् त्या बुढ्याले? माह्या दारूपायी थो कायले सडन तिथं?"
तिनं बैठक मारली. उद्या कचेरीत अर्ज देणार, पण लिहिता येत नाही. म्हणून माझ्याकडे.
"लिवा. मडके माहे हायेत. अन् तुमी कसे वळखले, थे बी लिवा. नाई त कोनी मानन का?"
टाक हातात घेऊन तास झाला. सौ. आत भांडी आपटते आहे. बाई उठत नाही. कागदावर तारीख झाली, तिचं नाव झालं. पुढची ओळ माझी, त्या दोन वाट्यांची...