पाय उचलल्यावर

१० जानेवारी १९८८, रविवार
लीलाधरभाऊंना जाऊन वर्ष होत आले. आज सुनंदावहिनींनी चोपड्याहून त्यांची गाडी माझ्याकडे धुळ्याला पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘मगनभाऊजी, पडून राहण्यापेक्षा तुम्ही वापरा. २१ फेब्रुवारीला मला पद्मालयाला न्या. त्यांचा गणपतीचा नवस राहिला आहे.’

गाडी अमेरिकन, चोवीस वर्षांची. स्टिअरिंग डावीकडे, क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. भाऊंनी केळीच्या एका चांगल्या वर्षी मुंबईहून आणली. सख्खा भाऊ असून मला कधी हात लावू दिला नाही. असो. आता बघा म्हणावे.

संकल्प: रोज पंधरा मिनिटे मेंटेनन्स. मेकॅनिकची गरज पडणार नाही.

एक गोष्ट. पांझरेच्या पुलावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिन उतरलेच नाही. तसेच ‘ऊंऽऽ’ करत राहिले, आणि मग कुणीतरी सावकाश पाय काढून घ्यावा तसे खाली आले.

जुनी गाडी. चालायचेच.

१२ जानेवारी
आजही. घड्याळ लावून मोजले. पाच सेकंद.

भाऊंचे असेच होते. निघतो म्हटले की हात धरून ठेवायचे. ‘बैस ना रे जरासा.’ सोडायचे तेही हळूहळू, एकेक बोट.

मी असले काही मानत नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो. बायकोला, कमलला, सांगितले, तर तिने गाडीत बसणेच सोडले. शिकलेली बाई, पण भित्री.

१७ जानेवारी, रविवार, दुपारी
उलगडा झाला. गाडीच्या कप्प्यात तिचे मॅन्युअल सापडले. डिक्शनरी घेऊन तीन तास वाचले. या चमत्काराचे नाव डॅशपॉट. कार्बोरेटरजवळ एक लहानशी डबी, आत रबरी पडदा, बाहेर एक दांडी. पाय उचलला की थ्रॉटलची झडप धाडकन मिटू नये म्हणून ही दांडी तिला अडवते आणि हळूहळू मिटू देते. आमच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनच्या दाराला वर दांडा आहे ना, दार आपटू न देणारा, अगदी तसे. ही नसली तर इंजिन दचकून बंद पडते. दांडी फार पुढे आली तर इंजिन रेंगाळते.

म्हणजे भाऊबिऊ काही नाही. एक नट आहे.

पुढच्या रविवारी ॲडजस्ट करणार.

(गेल्या वर्षी भाऊंचा ‘भेटून जा’ असा निरोप आला तेव्हा ऑफिसात इन्स्पेक्शन होते. आज उगाच आठवले. लिहून टाकले, विषय संपला.)

२४ जानेवारी, रविवार
सकाळी इंजिन थंड असतानाच काम उरकले. नट सैल केला, डबी दोन आटे फिरवली. हात काळे, मन प्रसन्न.

दुपारी चक्कर मारली. पाय उचलला. सात सेकंद.

उलट्या बाजूने फिरवली असावी. मॅन्युअलमधले चित्र संदिग्ध आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदनाहून येताना धनसिंग मिस्त्रीच्या गॅरेजवर सहज थांबलो. सल्ला नको होता. तो म्हणाला, साहब, पहिले इंजिन गरम करा, मग आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, बसवा, डॅशपॉट सगळ्यात शेवटी. मी म्हणालो, मॅन्युअल वाचले आहे. तो म्हणाला, फिर ठीक है.

माणूस बरा, पण थिअरी कच्ची.

३० जानेवारी
हल्ली उजव्या सीटवर काही ठेवत नाही. भाजीची पिशवीसुद्धा मागे. कारण काही नाही. सीटचे कव्हर खराब होते.

येताना डॅशपॉटचे तत्त्व मोठ्याने बोलून पाहिले. कुणाला तरी समजावून सांगितले की आपले पक्के होते. ‘भाऊ, हा रबरी पडदा बघा,’ असे तोंडातून गेले. सवय.

पाय उचलला. ऊंऽऽ. ऐकून घेतल्यासारखे.

७ फेब्रुवारी, रविवार
कायमचा निकाल लावला. डबी सरळ काढूनच ठेवली. नसता पार्ट.

देवपूरच्या चौकापर्यंत गाडी चार वेळा बंद पडली. त्याचे काही नाही. पण पाय उचलला की एकदम शांत. इतके शांत, की मीच मागे वळून पाहिले.

संध्याकाळी डबी परत बसवली. केवळ इंजिनाच्या हितासाठी.

इन्स्पेक्शन खरे तर निरोपाच्या दुसऱ्या आठवड्यात होते. त्या दिवशी माझे पोट बिघडले होते. तारखांची गल्लत होते माणसाची.

१४ फेब्रुवारी
बसवली, पण भाऊ काही आले नाहीत. म्हणजे आवाज आला नाही, असे म्हणायचे आहे. डबी एक आटा पुढे, अर्धा मागे, पुन्हा पाव पुढे. पाय उचलला की इंजिन मरते. दोनदा ‘बसतो ना, भाऊ’ असे म्हणूनही पाहिले. कमल दारात उभी होती. आत गेली.

धनसिंगकडे जाण्यात कमीपणा नाही. पण वेळही नाही.

२० फेब्रुवारी
उद्या पद्मालय. आज मुक्काम चोपड्याला. धुळ्याहून येताना एकोणीस वेळा बंद पडली. उतारावर पडली ती मोजलेली नाही.

गाडी उत्तम स्थितीत आहे, असे वहिनींना सांगितले.

२१ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
जसे झाले तसे लिहितो.

तापी ओलांडली. धरणगावच्या अलीकडे समोर बैलगाडी आली, मी पाय उचलला, गाडी मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. सहाव्या वेळी वहिनींनी विचारले, हिला काय केलेत? मी डॅशपॉट समजावू लागलो. रबरी पडद्यापर्यंत आलो होतो. त्या खाली उतरल्या, बॉनेट उघडले, माझ्याकडे पाना मागितला.

म्हणाल्या, ‘गरम आहे तोवरच करायचं असतं.’ पदर खोचला. इंजिन चालू ठेवायला मला सांगून आधी एक स्क्रू, मग डबी. चार मिनिटे. नंतर माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, ‘सरका तिकडे.’

सरकलो.

वहिनी गाडी चालवतात. चालवता चालवता त्यांनीच सांगितले. भाऊंच्या पायांना शेवटच्या वर्षी साखरेमुळे काही समजत नव्हते. ब्रेक कुठला, ॲक्सिलरेटर कुठला, कळत नव्हते. मग मळ्यातल्या रस्त्यावर वहिनी शिकल्या. शिकताना झटकन पाय उचलायच्या आणि गाडी बंद पडायची, म्हणून तिथल्या मिस्त्रीकडून डबी मुद्दाम पुढे आणून घेतली आणि ते काम बघून ठेवले. बायको चालवते हे कुणाला कळू नये म्हणून भाऊंनी बोलायची बंदी केली होती.

पुढे बैल आडवे आले. वहिनींनी पाय उचलला. ऊंऽऽ.

म्हणजे तो पाय भाऊंचा नव्हताच. सहा आठवडे मी सुनंदावहिनींच्या पायाशी बोलत होतो.

हसू यायला हवे होते. आले नाही. मी म्हणालो, वहिनी, निरोप मिळाला त्या दिवशी मला काही काम नव्हते. इन्स्पेक्शन नव्हते, पोटही ठीक होते. कागद खिशात घातला आणि पत्ते खेळत बसलो. म्हटले, येतील बोलवायला पुन्हा, काय घाई आहे. चौथ्या दिवशी तारच आली.

वहिनी रस्त्याकडे बघत होत्या. घरच्या अहिराणीत म्हणाल्या, ‘बठ्ठं माहीत शे माले.’ सगळे ठाऊक होते त्यांना.

मी विचारले, काय काम होते त्यांचे?

‘काम काहीच नव्हतं हो. तुमनाजोडे बसनं व्हतं त्यास्ले.’ नुसते माझ्याजवळ बसायचे होते.

एरंडोलपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. नवस वहिनींनी फेडला. मी नारळ धरला.

२३ फेब्रुवारी
गाडी चोपड्यालाच ठेवली. वहिनींना मळ्यात जायला लागते. एसटीने परत आलो, उभ्याने.

ऑफिसात कालच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘भावाला भेटायला’ असे लिहिले होते. साहेबांनी विचारले, अरे, कुठे असतात भाऊ?

अर्ज परत मागून घेतला. खोडून ‘खासगी काम’ लिहिले.