माझ्या टेबलाखालचा खांब

१२ मे

आज माझ्या टेबलाखालचा खांब कापला! वर मी लोकांना दाखले देत होते आणि खाली तळघरात, भूकंपापासून इमारती वाचवायची कामं करत गावोगाव फिरणारा कुझुमी आमच्या नगरपालिकेचा खांब, आधाराला जॅक लावून, तारेच्या करवतीने कापत होता. कापलेल्या जागी रबराची जाड उशी बसवतात. भूकंपात जमीन हादरली तरी वर इमारत नुसती सावकाश सरकते. मी चहाचा कप समोर ठेवून बघत बसले. तरंगसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत हे कुझुमीला सांगायला खाली पळाले.

१५ मे

कुझुमीने माझ्या डब्यातलं, बाबांनी घातलेलं प्लमचं लोणचं मागून खाल्लं. दोनदा.

२० मे

बाबांना सांगून टाकलं — लग्न करीन तर कुझुमीशी. बाबा सुतार. आमचं घर त्यांनी स्वतः बांधलेलं. रंधा खाली न ठेवताच म्हणाले, "तो खांबकाप्या? इमारतीचे पाय तोडतो, आणि स्वतःचा पाय एका गावात ठरत नाही."

"एकदा भेटा तरी."

"मी खांब उभे करतो. कापणाऱ्याशी काय बोलू?"

रडले नाही. मिसो सूप दोन वाट्या प्यायले. डोकं ठिकाणावर नाही माझं, कबूल.

४ जून

शेवटची उशी बसली. कुझुमी म्हणाला, "मिसुझु, महिनाअखेरीला मी दुसऱ्या गावी. बाबा काय म्हणतात?" मी त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारली आणि पळाले.

११ जून

भूकंप. भर दुपारी. अख्खं ऑफिस होडीत बसल्यासारखं डुललं, फुलदाणी जागेवर! मी वेड्यासारखी हसत सुटले — आणि बाबा आठवले. घरी एकटे, डोक्यावर जड कौलं. फोन लागेना. धावत गेले.

घर कललेलं, अंगणभर फुटकी कौलं. प्लमच्या झाडाखाली बाबा, शेजारी धुळीने माखलेला कुझुमी. तो जॅक घेऊन माझ्या आधी पोचला होता. बाबा मधल्या खांबाला मिठी मारून उभे होते म्हणे, हलायला तयार नाहीत. हा म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर व्हा. खांब मी धरतो." आणि तुळईखाली जॅक लागेपर्यंत धरला.

बाबांनी अंगावरची धूळ झटकली. मग त्याला म्हणाले, "माझं लोणचं संपवणारा तूच का?"

१४ जून

सकाळी बाबांनी मधल्या खांबावर, गुडघ्याच्या उंचीला, शाईच्या दोऱ्याने रेघ मारली. "कुझुमीला म्हणावं, इथे काप, उशी बसव. आणि येताना आईवडिलांना घेऊन ये."