उभ्या ट्रकला झोप नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

चौसष्ट! काल सदुसष्ट होती. विजेवरचा हा ट्रक जागचा हलला नाही, दिवा लागला नाही, दार उघडलं नाही — मग तीन टक्के बॅटरी गेली कुठे? पंधरा दिवसांत शंभरावरून चौसष्टावर. नुसतं उभं राहून इतकं दमणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. माझी नणंद सोडून.

ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं. (लग्नाच्या नवऱ्याला मी सव्वीस वर्षं हेच म्हणत आलेय. त्यांनाही आता खरं नाव आठवायला वेळ लागतो.) खिडकीत बसून नखं कापत होते. "असू दे," म्हणाले. असू दे? जुन्या डिझेलच्या ट्रकला एक ओरखडा आला म्हणून ज्या माणसाला दोन दिवस घास गिळवला नव्हता, तो म्हणतो असू दे!

चक्कर आल्यापासून हे असंच. वीस जानेवारीला ट्रक दारात लावला, उतरले आणि पायरीवरच कोसळले. डॉक्टरांनी म्हणे सहा आठवडे स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलंय. तीन मार्चला तपासणी. मग ठरेल — पुन्हा चालवायचा, की कायमचं बंद.

चार्जर गोदामात, ट्रक दारात. साहेबांना बंदी, मला सायकलसुद्धा धड येत नाही. दुसरा ड्रायव्हर बोलावू का, विचारलं तर मान अशी हलवतात की होही नाही, नाहीही नाही. आणि पुस्तिकेत लाल अक्षरांत — वीसच्या खाली बॅटरी फार दिवस ठेवू नका, दुखावते. तीन मार्चला डॉक्टर हो म्हणाले आणि ट्रकच अंथरुणाला खिळलेला असला तर?

५ फेब्रुवारी

सकाळी बासष्ट. दुपारी बासष्ट. चारला एकसष्ट.

८ फेब्रुवारी, शनिवार

पंचावन्न. रविवारच्या पुरवणीसाठी लेख पाठवला — जेवताना, बोलताना, जिना उतरताना फोनला चिकटलेल्या माणसांवर. बरा जमलाय. संपादक म्हणाला, "बाई, कुणाला सोडत नाही तुम्ही." सोडायला मी धरते कुठे?

साहेबांना वाचून दाखवला. गालातल्या गालात हसले. पूर्वी असे हसायचे तेव्हा छापखान्याचा जिना हादरायचा. मी तिथे मुद्रितं तपासायची आणि हे कागदाची रिळं घेऊन यायचे. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "सही कुणाची लागेल?" मी मान वर न करता म्हटलं, "ज्याला वाचता येतं त्याची." तर म्हणाले, "मग तुमची. मला फक्त पाट्या वाचता येतात." साफ खोटं! पुढे कळलं, माझे लेख कापून ट्रकच्या सनशेडमागे ठेवायचे. तेलाचे डाग पडलेले, कडा कुरतडलेल्या. कुठल्याही वाचकाने इतका मान दिला नाही मला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अठ्ठेचाळीस. चोर सापडला असं वाटलं होतं. पलीकडच्या शिंप्याच्या दुकानातून एक वायर निघते आणि बरोबर ट्रकच्या मागून जाते. गेले तडक.

"काय हो, मास्तर, आजकाल मशीन फार जोरात चालतं तुमचं!"

"कृपा आहे, ताई."

"कृपा कुणाची? आमच्या बॅटरीची?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. मशीनखाली बोट दाखवलं. "ताई, हे पायाने चालतं. वडिलांच्या वेळचं आहे. आणि ती वायर दारावरच्या घंटीची. ती पण चार वर्षं बंद."

चार अभ्रे शिवायला टाकून आले. घरात अभ्र्यांची गरज नाही. दंड!

साहेबांना सांगितलं तर आज खरंच हसले. मग हसू आवरलं. म्हणाले, "इतकं जिवाला नको लावून घेऊस गं त्या गाडीचं." मी म्हटलं, मी नाही लावून घेणार तर कोण? तुम्ही तर तिकडे बघतही नाही!

१३ फेब्रुवारी

त्रेचाळीस. कंपनीला तिसरा फोन. "आपला कॉल महत्त्वाचा आहे" — मग उचला की!

१७ फेब्रुवारी, सोमवार

तेहतीस. कंपनीचा माणूस गुरुवारी येणार.

आज उगीच जुना ट्रक आठवत राहिला. कोपऱ्यावर वळताना दुसऱ्या गिअरमध्ये एकदा खाकरायचा, मग गल्लीच्या चढावर कण्हायचा, आणि दारात आला की विझण्याआधी सगळं अंग थरथरवायचा — म्हाताऱ्याने शाल झटकावी तसा. पहिल्या खाकरण्याला मी गॅस लावायची, थरथरीला चहा गाळायची. लेक पाळण्यात होती. ती "आई" म्हणाली त्याच्या कितीतरी आधी "घर्रर्र" म्हणाली. मी तेव्हा चिडले होते. आता वाटतं, पोरीने बरोबर ओळखलं होतं, घर म्हणजे काय ते.

फेऱ्या लांबल्या की मी ऐकत बसायची. गल्लीत कुठलाही ट्रक आला तरी गॅसकडे धावायची आणि पुढच्याच क्षणी कळायचं — नाही, आपला नाही, ह्याचा गळा साफ आहे.

दोन वर्षांपूर्वी हा नवा आला. पहिल्याच दिवशी दारात येऊन उभा, मी आत केस विंचरतेय, मला पत्ताच नाही! साहेब माझ्या मागे उभे. मी किंचाळलेच. लेक त्यावर पोट धरून हसली आणि परत नोकरीच्या गावी जाण्याआधी माझ्या फोनवर ॲप घालून गेली. "आई, आता कान टवकारून बसू नकोस. बाबा कुठे आहेत ते ह्यात बघत जा."

बघत गेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सव्वीस. कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, मला वाटलं विमा विकायला आलाय. ट्रकला लॅपटॉप जोडला, पाऊण तास बघत बसला. साहेब ओसरीत, मी त्याच्या डोक्यावर.

"मॅडम, गाडीत बिघाड काहीच नाही. हिला कुणीतरी सारखं उठवतंय."

"म्हणजे?"

"ही उभी असली की झोपते. कुणी फोनवरून ॲप उघडलं की जागी होते, आतली सगळी यंत्रं चालू होतात, आकडा सांगते. परत गाढ झोपायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याच्या आत पुन्हा हाक मारली, तर झोपणार कधी? हे बघा — रात्री अकरा ते सहा छान झोपते. दिवसभर टक्क जागी. काल एका दिवसात चौऱ्याण्णव वेळा उठवलीय."

मी गर्रकन वळले. "बघा! तोंडाने असू दे, असू दे, आणि पाठीमागे हे धंदे!"

कंपनीचा माणूस खाकरला. "नाही मॅडम, दोन फोन जोडलेत. एकावरून चौऱ्याण्णव. दुसऱ्यावरून शून्य."

"तेच म्हणतेय मी!"

"चौऱ्याण्णववाला फोन तुमच्या हातात आहे."

होता. ॲप उघडं होतं.

त्याने चहा घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, मला आत जायला निमित्त मिळालं असतं.

२१ फेब्रुवारी

फोन कणकेच्या डब्यावर, उंच फळीवर ठेवलाय. स्टूल घ्यावं लागतं. सकाळपासून दोनदा स्टूल घेतलं, दोनदा परत ठेवलं.

खरं सांगायचं तर आकडा मी एक नजर बघायची. त्याच्याखाली नकाशा असतो, त्यावर निळा ठिपका. आमच्या दारात. सव्वीस वर्षं जो कुठल्या घाटात, कुठल्या नाक्यावर असेल म्हणून जीव टांगणीला लागायचा, तो आता महिनाभर दारातून हलत नव्हता. चौऱ्याण्णव वेळा तेवढंच बघत होते मी. आणि माणूस आतल्या खोलीत पाय चेपत बसलेला!

हे सगळं लेखात घातलं तर लोक लोळतील. घालणार नाही.

पण एक टोचतंय. दुसऱ्यावरून शून्य. महिनाभरात एकदाही नाही. जुन्या ट्रकच्या बॉनेटवर थाप मारल्याशिवाय हा माणूस झोपायला जात नसे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं — पंचवीस. चार दिवसांत फक्त एक टक्का! ट्रक घोरतोय.

जेवताना विचारलंच. "तुम्ही एकदाही कसं बघितलं नाहीत?"

"तू बघत होतीस की."

"अहो, पण गाडी कुणाची?"

पाण्याचा पेला फिरवत राहिले. "भाजीत मीठ बरोबर झालंय," म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१ मार्च, शनिवार

ट्रक धुतला. मी पाईप धरला, साहेब पायरीवर बसून हुकूम सोडत होते — "आरशामागे राहिलं. अगं, तिथे नाही, खाली!" मजा आली. काच पुसायला केबिनमध्ये चढले तर सनशेडमागे माझे लेख! नव्या ट्रकमध्येही. जानेवारीपर्यंतचे, पिनेने लावलेले, एकावरही तेलाचा डाग नाही. वाईट वाटलं जरा, त्या डागांचं.

साहेब खालून म्हणाले, "ते काढून घे सगळे. घरात ठेवू."

मी म्हटलं, सोमवारनंतर परत लावायचेच आहेत, कशाला उचलाउचल?

"काढ गं," म्हणाले.

काढले.

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी फाईल उघडली, आणि माझ्याकडे बघून चकित झाले. "यात नवीन काय ठरवायचं? यांना पुन्हा गाडी चालवता येणार नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलंय. तुम्ही तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होतात."

मी साहेबांकडे बघितलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"म्हटलं, तुला पचायला जरा दिवस लागतील."