पुढच्या चाकांचे ब्रेक

देवळा, १४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आक्कास,
देवरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दाजी म्हणतीलच की या काळात पत्र कोण लिहितं. पण फोनवर माझी जीभ अडखळते, तू सारखं काय म्हणालास असं विचारतेस, मग मी चिडून फोन ठेवतो. मोबाइलवर टाइप करायला गेलो तर बोट एकावर पडतं आणि उमटतं भलतंच. पेन अजून धरता येतं, तोवर लिहून घेतो.

डॉक्टर काय म्हणाले ते तुला महेशकडून कळलं असेलच. पोरगा तुझा आहे, पोटात ठेवणार नाही. नसा एकेक करून कामातून जाणार. जिभेपासून सुरुवात झाली, आता उजवा पाय. पुढे काय, ते मी विचारलं नाही. औषध नाही एवढं मात्र ऐकून आलो.

आपली जीप तुला माहीत आहे. जुनी फोर बाय फोर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, अंगातला सगळा जोर पायात आणावा तेव्हा थांबणार. परवा डोंगरावरच्या कांदा साठवायच्या चाळीतून पोती भरून उतरत होतो. उजव्या पायाने दाबलं तर गाडी ऐकेना. दोन्ही पाय लावले तेव्हा कुठे बांधाला खेटून उभी राहिली. तुझी भावजय कुसा शेजारी होती. घरी येऊन ती जेवली नाही.

म्हणून ठरवलंय, पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे आणि जोडीला बूस्टर. मग पाय नुसता टेकवला तरी गाडी थांबते म्हणे. महेश नाशिकहून सामान धाडतोय. घरीच बसवणार. या गाडीला आजवर दुसऱ्याचा पाना लागलेला नाही. आक्का, गाडी सुटली तर मळ्यात जाऊ कसा? तिथवर एसटी नाही. कुणाला सवड होईल तेव्हा तो मला पोत्यासारखा मागे टाकून नेणार. असं जगणं मला नको.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा
देवराम

नाशिक, १९ सप्टेंबर २०२५

चि. देवरामास,
आक्काचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला. दाजींना वाटलं मोतीबिंदू आला, मी म्हटलं हो, तोच आला.

तुला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लहानपणी बाबांची सायकल तू अंगणात उकलली होतीस. पुन्हा जोडल्यावर मूठभर नट उरले आणि बाबांनी चार दिवस पायी बाजार केला. म्हणून म्हणते, निदान एखाद्या मेस्त्रीला शेजारी उभा कर. महेश म्हणतो, मामांनी आता गाडी चालवूच नये. मी त्याला गप्प केलं. तुझ्या हातातून गाडी काढून घे असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. उतारावर कुसाही तुझ्या शेजारी असते, एवढं मात्र ध्यानात ठेव.

आणखी एक. सामान नवीन आहे, खंडेनवमी तोंडावर आली आहे. पूजा झाल्याशिवाय एकही नट लावू नकोस. एवढं तरी ऐक.

कुसाला जप म्हणावं. तुझ्या पत्राची वाट पाहते आहे.
तुझी
आक्का

देवळा, ८ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. खंडेनवमीला पाटावर पाने, हातोडी, डिस्का, कॅलिपर सगळं मांडलं. कॅलिपर म्हणजे डिस्केला चिमटीत धरून चाक थांबवतो तो भाग. कुसाने सगळ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दसरा झाल्यावर कामाला लागलो. एका दिवसाचं काम, मला चार दिवस लागले. बसलो की उठता येत नाही, उठलो की बसता येत नाही.

शेवटचं काम ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढण्याचं, ती राहिली तर ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर पायडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी कॅलिपरचं निपल, म्हणजे छोटी तोटी, उघडून तेलाबरोबर हवा जाऊ द्यायची. पायडलवर कुसा, खाली मी. ओरडून सांगायची सोय नाही, म्हणून पाना वाजवायचो. एक ठोका दाब, दोन ठोके धरून ठेव. शेजाऱ्यांना वाटलं आमच्याकडे भजन आहे.

सगळं करून पायडलवर पाय ठेवला तर तो थेट खाली पत्र्याला टेकला. ब्रेक लागलाच नाही. आक्का, म्हटलं, संपलं, पायातलं कळणंच गेलं. नुसता बाजूला झालो. मग तिने पाय ठेवला, तर तिचाही खाली टेकला! म्हणजे खोट गाडीत आहे, माझ्यात नाही. गाडी बिघडली म्हणून मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. त्या दिवशी कुसाने शिरा केला.

अजून दोष सापडलेला नाही. पुन्हा पुन्हा हवा काढतो, निपलातून नुसतं तेल येतं आणि पायडल तसंच बसतं. पण सापडेल. दाजींना सांग, मामला गाडीचा आहे.

तुझा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो राहू दे.
देवराम

नाशिक, १२ ऑक्टोबर २०२५

चि. देवरामास,
अ. उ. आ.

शिऱ्याचं वाचून मीही इथे गोड केलं. दाजींनी निमित्त विचारलं तर म्हटलं, देवरामचा ब्रेक लागत नाही.

खरं सांगू? देवाला हात जोडले आणि काय मागावं ते कळेना. दोष सापडू दे म्हणावं, तर तो निघाल्यावर तू पुन्हा उताराला लागणार. सापडू नये म्हणावं, तर तू रोज चाकाशी जमिनीवर लोळणार. शेवटी काहीच न मागता दिवा लावला आणि स्वयंपाकघरात आले.

घाई करू नकोस. असंच काहीबाही करत बस, मला बरं वाटतं. थंडी पडायला लागेल, गोणपाट अंथरून काम कर.

कुसाला आणि तुला, दोघांनाही माझी माया.
आक्का

देवळा, १७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोष सापडला.

डावा-उजवा कॅलिपर दिसायला जुळ्या भावांसारखे. म्हणून सामान आल्या आल्या मी खडूने एकावर डा आणि दुसऱ्यावर उ लिहून ठेवलं होतं. कुसाने पूजेआधी ते ओल्या फडक्याने लख्ख पुसले. देवापुढे मळकं कसं मांडायचं! मी आपला पाटावर डावीकडचा तो डावा म्हणून उचलला. दोन्ही उलटे बसले, निपलं खाली आली. हवा वर चढते आणि मी खालून काढत बसलो होतो.

निपल जमिनीकडे तोंड करून आहे हे दिसलं आणि पाना हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. वाटलं, पाहिलंच नाही असं करावं. उलटे असेपर्यंत मी बरा होतो. कुसा चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. तिला खडूचं सांगितलं तर रडायला लागली. तिला वाटलं मी चिडलोय. चिडलो असतो तर बरं होतं.

अदलाबदल केली, हवा काढली. कुसाने दाबून पाहिलं, ब्रेक इतका मऊ लागला की वरूनच ओरडली, लोणी शे लोणी. महेश परवा आला, मळ्यापर्यंत जाऊन आला, म्हणाला मामा, नव्या गाडीला असा ब्रेक नाही.

मग मी बसलो. कुसा शेजारी, एक हात हँडब्रेकवर, महेश मागे. चढ चढलो, गाडी वळवली, उताराला लागलो. पाय पायडलवर न्यायला गेलो, तर तो होता तिथेच. मी दाब म्हणतोय आणि तो ऐकत नाही. त्याला नुसतं टेकायचं होतं, आक्का, जोरही लावायचा नव्हता. कुसाने हँडब्रेक ओढला. मी खाली उतरलो. तिथून गाडी महेशने आणली, मी मागे बसलो.

गाडी घरापुढे उभी आहे. आता तिच्यात काहीच दोष नाही.

या भाऊबीजेला मी येत नाही. तू ये.

देवराम