चौथी बाजू

अकोला, फेब्रुवारी १९५८

ती. दादा यांस,

"जमे, रडाचं असन तं आपल्या उंबरठ्याच्या आतच रडजो," सासरी निघताना तुम्ही म्हणाला होतात. मी ते पुष्कळ वर्षं पाळलं.

तापात माझ्या ललिताचे पाय गेले, तेव्हा शेजारच्या मार्थाबाई मला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. गाणी जात्यावरच्या ओवीसारखी संथ होती. ऐकता ऐकता त्यांच्या खांद्यावर मला झोप लागली. जाग आली तेव्हा उपासना केव्हाच संपली होती, ऊन बाकांवरून खाली उतरलं होतं, आणि माझी झोप मोडू नये म्हणून सगळी मंडळी गुपचूप बसून होती.

"झाली का झोप, बाई?" मार्थाबाई हसल्या. "पाद्रीसायबाच्या प्रवचनात आमी बी झोपतो."

मी बाटले नाही, दादा. फक्त झोपले.

आता ललिताही गाणी ऐकायला येते म्हणते. रविवारी तिला बाजेसकट उचलून न्यायचं आहे. तीन बाजू धरायला चर्चमधली माणसं आहेत. चौथी मी तिच्या मामासाठी राखली आहे. हे पत्र टाकायचा धीर होईल की नाही, ठाऊक नाही. तुम्ही नाहीच म्हणाल. तरी या.

तुमची,
जमुना