आंबट ताक, गोड ताक

तीर्थरूप आईस,
सोलापूरहून सृष्टीचा नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. फार्मसीच्या परवान्याच्या परीक्षेचा सराव नीट चालू आहे. अण्णांचा खोकला थांबला का?

तीव्र आणि सौम्य द्रावण मिसळण्याचे गणित माझ्या खोलीतल्या राजेश्वरीला उमगत नव्हते. तू आंबट ताकात गोड ताक घालून चव जमवतेस, तसेच हे, असे मी तिला समजावले. काल तिने तेच वर्गात फळ्यावर मांडले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आमच्या आईची युक्ती हाय की, सर!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सुट्टीत ती आपल्याकडे येणार होती. आता मी एकटीच येईन. तिच्यासाठी शेंगाचटणी कुटू नकोस.

तुझीच,
सृष्टी