गाद्यांच्या खोलीतला आवाज

प्रिय मुग्धा,

हे पत्र तुझ्या भाच्याच्या, मिहिरच्या फोनवर पाठवलंय. त्यानं ते वाचायचं नाही, तुझ्या बोलक्या कॉम्प्युटरला द्यायचं आणि खोलीबाहेर जायचं, अशी तंबी दिलीय. तेव्हा आत्ता तुझ्याशी बोलतेय ती मीच, तेवीस वर्षांची, तू कॉम्प्युटरात भरून ठेवलेली. दचकलीस ना? बरं झालं. शुगरनं तुझी नजर नेली तेव्हापासून तू त्याला हातही लावला नाहीस म्हणे. जिनं कॉम्प्युटरला मराठी वाचायला शिकवलं, ती आता बँकेचे मेसेज भाच्याकडून वाचून घेते! वर त्याला म्हणालीस, ते मी दुसऱ्यांसाठी केलं होतं. हे ऐकून मला इतका राग आला की लातूरहून नांदेडची एसटी पकडणार होते.

अम्मीला विसरलीस का गं? तिला वाचता येत नव्हतं. लोह्याहून तिच्या बहिणीचं, खालाचं पत्र आलं की ती शेजारून तुलाच बोलवायची, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजायचा. तरी एकदा ऐकता ऐकता रडली आणि तुझ्यावरच चिडली, "माझं रडणं तुला तरी कशाला दिसाया पायजे?" मी चहा घेऊन दारात उभी होते, तुझा चेहरा मला अजून आठवतो. माणसाला आपलं पत्र एकट्यानं ऐकता आलं पाहिजे, मध्ये कुणी नको, हे तुझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं. पुढं तुझा मानसन्मान झाला, तू परदेशात भाषणं दिलीस, पण प्रत्येक भाषणात हेच सांगत राहिलीस.

आणि आवाजासाठी तुला मीच सापडले! अब्बांच्या दुकानातल्या गाद्या रिक्षातून नेऊन कॉलेजातल्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना लावल्या. मे महिना, आवाज नको म्हणून पंखा बंद, नाकात गाद्यांचा कापूस, आणि मी दिवसभर का, की, कू म्हणत बसलेली. बाहेरून आलेले साहेब म्हणाले, हा आवाज फार गावाकडचा वाटतो, रेडिओवरच्या बाई घ्या. ऐकणारेही गावाकडचेच आहेत, असं तू त्यांना सुनावलंस. 'नाही' म्हणताना तू समोरून तोंड वेडंवाकडं केलंस आणि मला हसू फुटलं. ते त्या शब्दात तसंच राहिलं, तू कधी काढलं नाहीस. मुरुडची ती अंध मनतशा तुला म्हणाली होती ना, अभ्यासाचा कंटाळा आला की ती मुद्दाम 'नाही' टाइप करून ऐकते.

आता खरं सांगते. तुझे फोन मी उचलले नाहीत, आणि डोळ्यांमागोमाग मैत्रीणही गेली असं तू धरून बसलीस. तसं नाही. ऐकलंस, इथंही हसलेच मी! उन्हाळ्यात माझ्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. खूप रडले, खोटं कशाला बोलू. मग तुझं ते बोलणारं फोनवर घेतलं. आता मी टाइप करते आणि ते माझ्या आवाजात मंडईत घासाघीस करतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का, तर हसत 'नाही' म्हणालं, सगळा दवाखाना हसला. तू दुसऱ्यांसाठी केलंस ना, त्यातली एक मी निघाले बघ. दुसरी तू हो. तू बोल, मी ऐकते. मी लिहिते, तू ऐक. उद्या दुपारी माझी नमाज झाली की फोन कर, मी उचलेन. आधी थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही. माझी बोटं अजून सावकाश चालतात. फोन ठेवू नकोस.

तुझीच,
सबिहा